झाडांच्या टँकसाठी फिल्टरचा आउटलेट कसा निवडावा

माझ्या मासे आणि पाणझाडं असलेल्या तीन फुटी टँकच्या उजव्या कोपऱ्यात मॉन्टे कार्लोचं गवत तीन वेळा लावलं आणि तिन्ही वेळा ते पिवळं पडून, मुळं सोडून वर तरंगायला लागलं. डाव्या बाजूला तेच गवत, तीच माती, तेच खत, तोच दिवा, आणि गालिचा असा की माती दिसेना. मी आधी खत बदललं. मग दिवा सरकवून पाहिला. मग मोठा फिल्टर घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी पैसेही बाजूला काढले. एका संध्याकाळी माशांचं खाणं बोटांत चुरून पाण्यात सोडलं आणि ते कुठं कुठं जातं ते बघत बसले. चुरा डावीकडून निघाला, मधल्या लाकडावर आपटला, वर आला आणि डावीकडेच परत फिरला. उजव्या कोपऱ्यात एक कणही पोचला नाही. फिल्टरमध्ये दम पुरेसा होता. त्याचं पाणी ज्या तोंडातून टँकमध्ये पडत होतं, ते तोंड या टँकसाठी चुकीचं होतं.

त्या तोंडाला आपण आउटलेट म्हणतो. नवीन माणूस टँक, दिवा, माती, सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलेंडर यांवर महिनाभर विचार करतो आणि आउटलेट मात्र फिल्टरच्या खोक्यात जो येतो तोच लावून मोकळा होतो. मीही तेच केलं होतं. नुसते मासे असलेल्या टँकमध्ये त्यानं फारसं बिघडत नाही, झाडांच्या टँकमध्ये बिघडतं. वायू हवेत जितक्या वेगानं पसरतात, त्याच्या साधारण दहा हजार पट सावकाश ते पाण्यात पसरतात. पानाला चिकटून स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. त्या थरातला कार्बन डायऑक्साइड पान शोषून घेतं, आणि पाणी हललं नाही तर नवा पोचेपर्यंत पान उपाशी राहतं. टँकमध्ये सीओटू कितीही सोडा, तो त्या पानापर्यंत वाहून नेणारं पाणी हवं.

म्हणून पहिल्यापासून एक गोष्ट धरून चला: पाण्यानं टँकभर फेरी मारून इनलेटपाशी, म्हणजे फिल्टर जिथून पाणी ओढतो त्या तोंडापाशी, परत यायला हवं. आउटलेट निवडायचा तो या फेरीसाठी.

आधी हे सामान जवळ ठेवा

- १० लिटरची बादली (आतून खूण असलेली) आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- मोजपट्टी, कागद, पेन्सिल
- खराट्याची एक स्वच्छ धुतलेली काडी आणि लाल शिवणाचा दोरा
- सीओटू देत असाल तर ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी काचेची छोटी कुपी) आणि त्याचं ४ डीकेएचचं तयार द्रावण (डीकेएच हे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप)
- फिल्टरच्या नळीचा बोटभर तुकडा, दुकानात माप दाखवायला

घरी स्प्रे बार, म्हणजे भोकं पाडलेल्या आडव्या नळीचा आउटलेट, करायचा असेल तर आणखी काही लागेल, ते पाचव्या पायरीत सांगते.

१. फिल्टर खरोखर किती पाणी फिरवतो ते मोजा

खोक्यावर लिहिलेला ताशी लिटरचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज, सिरॅमिक रिंगा आणि तीन आठवड्यांचा गाळ बसला की तो आकडा राहत नाही. आउटलेट निवडताना आपल्याला खरा आकडा लागतो.

आउटलेटची नळी टँकबाहेर काढा, बादलीत सोडा आणि १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मग ३६००० ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर ताशी लिटरमध्ये मिळेल. माझी बादली भरायला ५८ सेकंद लागले, म्हणजे ताशी सुमारे ६२० लिटर. इनलेटच्या जाळीत अडकलेली पानं काढली, स्पंज पिळून धुतला, स्टँडमागं मुडपलेली नळी सरळ केली, आणि तीच बादली ४६ सेकंदांत भरली. ताशी ७८० लिटर. एक रुपया खर्च न करता पाव पट वाढ.

इथं एक सापळा आहे. बादली जमिनीवर ठेवून मोजू नका. पाणी टँकच्या उंचीवरून खाली पडताना सायफनसारखं ओढलं जातं आणि फिल्टर आहे त्यापेक्षा जोरकस दिसतो. बादली टँकच्या काठाला लागून, पाण्याच्या पातळीच्या उंचीवर धरा. एकट्यानं जमत नाही, कुणाला तरी हाताशी घ्या.

आता टँकचं पाणी. आपल्याकडे टँक फुटात मिळतात. लांबी, रुंदी, उंची फुटात गुणा आणि त्याला २८ नं गुणा, लिटर मिळतील. २ × १ × १ फुटाच्या टँकमध्ये ५६ लिटर, ३ × १.५ × १.५ मध्ये साधारण १९०. माती, दगड, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा केली की माझ्या टँकमध्ये प्रत्यक्षात १६५ लिटरच्या आसपास पाणी भरतं.

झाडांच्या टँकमध्ये तासाला एकूण पाण्याच्या पाच ते दहा पट पाणी फिरावं असं हौशी मंडळी धरून चालतात. सीओटू नसलेल्या, अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशा सावकाश वाढणाऱ्या झाडांना पाच पट पुष्कळ झालं. भरपूर दिवा, सीओटू आणि गालिचा हवा असेल तर दहाकडे जा. माझं गणित पाच पटीच्याही किंचित खाली बसतं, तरी आज कोपरे हिरवे आहेत. हा आकडा मी दिशा म्हणून वापरते, त्यासाठी लगेच नवा फिल्टर घेऊ नका.

२. तुमच्या माशांना आणि झाडांना काय सोसतं ते ठरवा

फायटर, लांब शेपटीचे गप्पी, एंजल यांना जोराचा प्रवाह नको. फायटरला सतत प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं तर तो थकून एखाद्या पानाआड बसून राहतो. निऑन, रासबोरा, कोरिडोरास यांना मध्यम प्रवाह चालतो. केरळच्या नद्यांमधला मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, वाहत्या पाण्यातला मासा आहे. जोराच्या प्रवाहात तो टँकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थव्यानं पोहत राहतो, आणि ते बघण्यासारखं असतं.

झाडांचं तसंच. रोटाला, हायग्रोफिला अशी खोडाची झाडं प्रवाहात हलकी डुलायला हवीत. एकाच बाजूला कायमची वाकली असतील तर प्रवाह जास्त झाला. व्हॅलिस्नेरियाची लांब पानं प्रवाहाच्या दिशेनं पृष्ठभागावर पसरतात आणि खालच्या झाडांवर सावली धरतात, हे लावण्याआधीच ध्यानात घ्या.

३. फेरी कागदावर काढा

ही पायरी कुणी करत नाही, आणि पुढचा सगळा मनस्ताप इथंच वाचतो. टँकचं वरून एक आणि समोरून एक असं साधं चित्र काढा. मोठे दगड, लाकूड, दाट झुडपं दाखवा. इनलेट कुठं असेल ते लिहा. मग आउटलेटपासून बाण काढायला सुरुवात करा आणि प्रत्येक अडथळ्यापाशी स्वतःला विचारा: इथून पाणी कुठं जाईल?

चांगल्या फेऱ्या मुख्यतः दोन. पहिलीत इनलेट आणि आउटलेट एकाच बाजूच्या कोपऱ्यात असतात. पाणी वरच्या अंगानं लांबीभर जातं, पलीकडच्या टोकाच्या काचेवर आपटून खाली उतरतं आणि मातीलगत परत इनलेटकडे येतं. दुसरीत मागच्या काचेवर आडवा स्प्रे बार असतो. पाणी मागून पुढं येतं, पुढच्या काचेवरून खाली उतरतं आणि गालिच्यावरून मागं जातं. पहिली फेरी लांबीची, दुसरी रुंदीची.

नवीन लोक हमखास आउटलेट एका टोकाला आणि इनलेट दुसऱ्या टोकाला लावतात, कारण ते बरोबर वाटतं. लांबीच्या प्रवाहात असं केलं की पाणी सरळ रस्ता धरून इनलेटमध्ये शिरतं. मधली पट्टी वाहती राहते आणि खालचे कोपरे थांबलेले राहतात. तिथं गाळ साचतो आणि मग शेवाळ येतं.

माझ्या टँकमध्ये लांबीची फेरी होती आणि लांबीच्या बरोबर मध्ये पृष्ठभागापर्यंत आलेलं लाकूड होतं. चित्र आधी काढलं असतं तर पहिल्याच बाणाला ते कळलं असतं.

४. आता आउटलेट निवडा

*लिली पाइप.* काचेची वाकडी नळी आणि टोकाला कमळाच्या कळीसारखं पसरट तोंड. जपानमधल्या निगाता इथले ताकाशी अमानो यांनी १९८२ मध्ये एडीए ही कंपनी काढली. त्यांच्या टँकमधल्या काचेच्या नळ्या पाहूनच जगभरच्या हौशी लोकांनी त्या लावायला घेतल्या. पण तोंड पसरट केलंय ते दिसण्यापुरतं नाही. नळीपेक्षा तोंड मोठं झालं की पाण्याचा वेग उतरतो आणि धार न मारता पाणी रुंद पसरून पुढं जातं. दोन फुटी टँक, मध्ये मोठा अडथळा नाही, छोटे मासे, गालिचा: तिथं याच्याइतकं चांगलं काही नाही. तोंडाचा वरचा ओठ पाण्याखाली पाच-सात मिलिमीटर ठेवला की वर हलक्या लहरी उठतात. वर घेतला तर लहरी वाढतात, खाली घेतला तर कमी होतात. एवढी सोपी चावी दुसऱ्या कुठल्याच आउटलेटला नाही.

पण वेग उतरतो याचा अर्थ पल्लाही उतरतो. तीन फूट लांबीत, वाटेत लाकूड असताना, तो पलीकडं पोचत नाही. माझ्याकडं हाच होता. भावाला मुंबईला क्रॉफर्ड मार्केटमधून आणायला सांगितला होता, कारण फोटोंमध्ये तोच दिसायचा. काच फुटते हेही आहेच. हात थरथरणारे असतील किंवा घरात लहान मूल असेल तर त्याच आकाराचा स्टीलचा घ्या.

*स्प्रे बार.* ओळीनं भोकं पाडलेली आडवी नळी. दिसायला साधी, आणि तीन फुटांच्या पुढच्या, झाडांनी गच्च टँकसाठी माझं मत ठामपणे हिच्या बाजूनं आहे. सगळं पाणी एकाच ठिकाणी न सोडता ती लांबीभर वाटून देते. मागच्या काचेवर लावली तर मधलं लाकूड आडवं येतच नाही, कारण पाण्याला त्याच्या बाजूनं जायला जागा मिळते. भोकांची तोंडं सरळ पुढं ठेवा किंवा किंचित वर. खाली वळवली तर माती उकरली जाते आणि पृष्ठभाग मेलेला राहतो. दोष एवढाच की ती डोळ्यांत भरते आणि भोकं चोंदतात.

*डक-बिल.* चपट्या चोचीसारखं तोंड. पाणी पातळ, रुंद पट्ट्यासारखं बाहेर येतं आणि लिली पाइपपेक्षा दूर जातं. अडीच-तीन फूट टँक आहे, स्प्रे बार नजरेला खुपतो, मध्ये अडथळा नाही, तर हा मधला मार्ग. चोच पृष्ठभागाकडं किंचित उचलून ठेवावी.

*साधी धार सोडणारी तोटी.* फिल्टरबरोबर बहुतेक वेळा हीच येते. जोर सगळ्यात जास्त आणि पसारा सगळ्यात कमी. समोर येईल ते झाड झोडपलं जातं आणि दोन वीत बाजूला पाणी ढिम्म हलत नाही. झाडांच्या टँकमध्ये ही एकटी ठेवू नका. फेकू मात्र नका, चार फुटी टँकमध्ये एखादा थांबलेला कोपरा हलवायला ती पुढं कामाला येते.

*हँग-ऑन फिल्टरचा धबधबा.* टँकच्या काठावर टांगायचा फिल्टर असेल तर आउटलेट निवडायचा प्रश्नच नाही, पण पाण्याची पातळी तुमच्या हातात असते. पातळी धबधब्याच्या ओठाला भिडलेली ठेवली तर पाणी शांतपणे सरकत आत येतं. पातळी दोन बोटं खाली गेली की ते आपटायला लागतं आणि सीओटू उडून जातो. दीड-दोन फुटी टँकला हा फिल्टर पुरतो. सीओटू नसेल तर स्पंज फिल्टरवरही सुंदर टँक होतात.

५. घरी स्प्रे बार करायचा असेल तर

बाजारात मिळणारे स्प्रे बार बहुधा आखूड असतात, आणि आपल्याला टँकच्या लांबीच्या निदान तीन चतुर्थांश हवा असतो. हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप, एक एंड कॅप आणि दोन एल्बो आणा. लोखंड कापायची आरी, ड्रिल, ३ आणि ४ मिलिमीटरचे बिट, पॉलिश पेपर आणि चार सक्शन कप लागतील. या पाइपचा बाहेरचा व्यास जवळजवळ १६ मिलिमीटर असतो, त्यामुळं १६/२२ ची नळी त्यावर गच्च बसते. तरी नळीचा तुकडा दुकानात नेऊन बसवून बघा आणि मगच पैसे द्या. नळी बारीक असेल तर मधला जोड घ्यावा लागेल.

भोकं किती पाडायची याचं गणित सोपं आहे. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ नळीच्या आतल्या क्षेत्रफळाइतकं यावं. त्यासाठी नळीच्या आतल्या व्यासाला भोकाच्या व्यासानं भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. १६ मिलिमीटरची नळी आणि ४ मिलिमीटरचं भोक: १६ भागिले ४ म्हणजे ४, त्याचा वर्ग १६. सोळा भोकं. ३ मिलिमीटरची भोकं पाडली तर अठ्ठावीस. १२ मिलिमीटरच्या नळीला ४ ची नऊ किंवा ३ ची सोळा. यापेक्षा पुष्कळ कमी पाडलीत तर फिल्टर कोंडतो, पुष्कळ जास्त पाडलीत तर पाणी नुसतं गळतं, जोर राहत नाही.

सुरुवात ३ मिलिमीटरच्या बिटनं करा. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. पाइपवर आधी पेन्सिलनं सरळ रेघ मारून घ्या, नाहीतर भोकं वाकडीतिकडी येतात आणि प्रत्येक धार आपापल्या दिशेनं जाते. आतल्या कडा पॉलिश पेपरनं घासा, त्या खरबरीत कडांनाच पुढं शेवाळ धरतं.

फिल्टर सुरू केल्यावर एक गंमत दिसेल. फिल्टरजवळच्या भोकांपेक्षा बंद टोकाकडच्या भोकांतून पाणी जोरात येतं. पाइपमधून वेगानं येणारं पाणी टोकाला अडतं आणि तिथं दाब वाढतो, म्हणून. मी बंद टोक मुद्दाम उजव्या कोपऱ्याकडं ठेवलं, जिथं गवत मरत होतं. तुम्हाला सगळीकडं सारखा जोर हवा असेल तर फिल्टरकडची पहिली तीन-चार भोकं ४ मिलिमीटरच्या बिटनं मोठी करा.

टँकच्या आत राहणाऱ्या सांध्यांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लावू नका. दाबून बसवले तरी पुरतं. थोडं गळलं तर टँकमध्येच गळेल, आणि धुताना सगळं सुटं करता येईल. टँकच्या काठावर आणि बाहेर मात्र नळीला क्लिप पाहिजेच.

६. नळीचं माप चुकवू नका

नळीवर ९/१२, १२/१६, १६/२२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा आतला व्यास, दुसरा बाहेरचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. काचेचे आउटलेट मात्र काचेच्या बाहेरच्या व्यासावर विकले जातात: १३ मिलिमीटरचा १२/१६ च्या नळीला, १७ चा १६/२२ च्या नळीला. १६ हा आकडा दोन्ही नळ्यांवर असल्यामुळं गोंधळ होतो. दुकानदाराला तोंडी आकडा सांगू नका, तुकडा दाखवा.

नळी काचेवर चढवताना तिचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा, मऊ होऊन सहज चढते. जोर काचेच्या सरळ भागावर द्यायचा. वळणावर दिलात तर काच तिथंच तुटते, आणि ती तळहातात तुटते.

७. लावा, आणि दोऱ्यानं तपासा

हात पाण्यात घालण्याआधी फिल्टर, हीटर, दिवा सगळ्यांची बटणं बंद करा. आउटलेट बसवल्यावर सुरू करा आणि दहा मिनिटं थांबा.

खराट्याच्या काडीच्या टोकाला लाल दोऱ्याचा बोटभर तुकडा बांधा. काडी टँकमध्ये बुडवून एकेक जागा तपासा: चारही खालचे कोपरे, लाकडामागं, दगडांच्या सावलीत, गालिच्यावर. दोरा आडवा होऊन फडफडला तर तिथं प्रवाह जास्त आहे. तिरका राहून हलला तर छान. सरळ खाली लोंबला तर ती जागा थांबलेली आहे. कागदावरच्या चित्रात त्या जागी फुली मारा. मग आउटलेट थोडा वळवून पुन्हा तपासा. एका वेळी एकच बदल करा. अर्धा तास जाईल, पण त्या अर्ध्या तासात तुम्हाला तुमचा टँक कळेल.

सीओटूचा डिफ्युझर, म्हणजे त्याचे बारीक बुडबुडे करून सोडणारा भाग, अशा जागी ठेवा की त्याचे बुडबुडे आउटलेटच्या प्रवाहात सापडून आडवे वाहत जातील. सरळ वर जाऊन फुटत असतील तर तो सीओटू हवेत गेला. ड्रॉप चेकर मात्र डिफ्युझरपासून सगळ्यात दूरच्या, खालच्या कोपऱ्यात लावा. जवळ लावलेला चेकर हिरवा दिसतो आणि आपण फसतो. ४ डीकेएचच्या द्रावणात हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका. त्यात टँकचं पाणी भरू नका, रंग खोटा येतो. आणि बदल केल्यावर निदान दोन तास थांबून रंग बघा, तो मागून येतो.

पृष्ठभागाचा नियम मी असा लक्षात ठेवते: पाण्याला सुरकुत्या पडाव्यात, पाणी फुटू नये. सुरकुत्या नसतील तर दुधावर साय धरावी तसा तेलकट पापुद्रा पाण्यावर धरतो, आणि प्राणवायू आत यायची वाट बंद होते. पाणी फुटून बुडबुडे होत असतील तर महागाचा सीओटू खोलीत चाललाय.

मग दोन आठवडे काहीही हलवू नका. जुनी, खराब झालेली पानं सुधारत नाहीत, नवीन पानं बघायची. आउटलेटच्या तोंडावर किंवा प्रवाहातल्या पानांच्या कडांवर काळे, दाढीच्या खुंटांसारखे केस आले तर ते ब्लॅक ब्रश शेवाळ. ते दिसलं की लोक प्रवाहाला दोष देऊन फिल्टर मंद करतात. माझ्या टँकमध्ये त्याचं कारण रोज कमीजास्त होणारा सीओटू हे होतं. त्याची वेळ आणि मात्रा नेमकी केल्यावर नव्या पानांवर ते आलं नाही.

८. उन्हाळ्यासाठी वेगळी मांडणी ठेवा

मी नागपुरात राहते. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि घरातल्या टँकचं पाणी ३२ वर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅमपर्यंत, ३० अंशांना ७.६ पर्यंत. त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. आणि रात्री दिवा बंद झाल्यावर झाडंही प्राणवायू घेणाऱ्यांत जमा होतात.

लिली पाइप असतानाच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सीओटू वाचवायला त्याचं तोंड खोल बुडवून ठेवलं होतं. एका पहाटे सगळे निऑन पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. चार मेले. त्या दिवसापासून मार्च ते जून मी रात्री पृष्ठभाग जास्त हलता ठेवते. लिली पाइप असेल तर दिवा बंद झाल्यावर तो बोटभर वर उचला, सकाळी खाली करा. स्प्रे बार असेल तर पाइप किंचित फिरवून भोकं वर करा. रोज हात घालायचा कंटाळा येत असेल तर टायमरवर छोटा एअर पंप रात्रीपुरता लावा. सीओटू दिवा बंद होण्याच्या तासभर आधी बंद करा.

थंडाव्यासाठी पाण्यावर पंखा लावत असाल तर बाष्पीभवनानं पातळी झपाट्यानं उतरते. तीन फुटी टँकमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे चार लिटरांहून जास्त पाणी. तेवढ्यानं लिली पाइपचा ओठ उघडा पडतो, गुरगुर आवाज येतो आणि सगळी मांडणी बिघडते. काचेवर पातळीची खूण करून ठेवा आणि रोज तिथपर्यंत पाणी भरा.

लाइट गेली तर कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यातले जिवाणू प्राणवायूविना गुदमरायला लागतात. चार-सहा तासांनी लाइट आली तर फिल्टर तसाच सुरू करू नका. डब्यातलं कुबट पाणी आधी ओतून द्या, टँकचं पाणी भरा, मग सुरू करा. मधल्या वेळेला बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

९. साफसफाई

काचेचा आउटलेट महिन्यातून एकदा हायड्रोजन पेरॉक्साइड घातलेल्या पाण्यात तासभर बुडवून, मग लवचीक ब्रशनं आतून घासून, भरपूर पाण्यानं धुवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर पृष्ठभागालगत पांढरा क्षार चढेल. तो व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर सुटतो. दोन्ही एकत्र कधीच करू नका. स्प्रे बारची भोकं दात कोरायच्या काडीनं मोकळी करा आणि एंड कॅप काढून आतला गाळ वाहत्या पाण्याखाली काढा.

सक्शन कपकडं विशेष लक्ष द्या. ते कडक होतात आणि एका रात्री सुटतात. स्प्रे बार सुटून भोकं वर झाली तर पाणी टँकबाहेर फवारत राहतं, आणि सकाळी उठता तेव्हा अर्धा टँक फरशीवर असतो. दर सहा महिन्यांनी नवे लावा, स्वस्त असतात.

धुवायला काढण्याआधी आउटलेट ज्या उंचीवर आणि ज्या कोनात होता, तिथं काचेवर बाहेरून मार्करनं बारीक खूण करा. धुऊन परत लावताना डोळ्यांच्या अंदाजानं एक-दीड सेंटीमीटर सहज चुकतो. मग आठवडाभरानं ड्रॉप चेकर निळा का झाला, हे शोधत बसावं लागतं.